रुळाच्या चकाकीखाली



आगगाडी निघून गेल्यावर रुळाचा माथा चांदीसारखा चकाकत राहतो. पोलादाच्या अंतरंगात चाललेले स्थित्यंतर त्या चकाकीखाली दडलेले असते. भरलेल्या मालडब्याच्या एका चाकावर सुमारे 10 टन भार असतो, आणि चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम नाण्याएवढी!

रुळाच्या पोलादात मऊ फेराइट आणि कठीण सिमेंटाइट यांचे अतिसूक्ष्म थर आलटून-पालटून रचलेले असतात. या रचनेला पर्लाइट म्हणतात. असंख्य चाकांच्या दाबाने पृष्ठभागालगतचे थर वाकतात, दाटतात आणि अधिक कठीण होतात. काही मर्यादेपर्यंत हा बदल उपकारकच असतो. त्यामुळे रूळ झिजेला तोंड देतो. मर्यादा ओलांडली, की धातू थकतो व त्याला बारीक भेगा पडतात.

चाक घसरले, तर आणखी एक बदल घडतो. पृष्ठभाग क्षणार्धात तापतो आणि खालचे थंड पोलाद ती उष्णता तितक्याच त्वरेने शोषून घेते. लोहाराने तापलेले पाते पाण्यात बुडवावे, तसाच हा प्रकार. त्यातून मार्टेन्साइटचा पातळ पापुद्रा तयार होतो. तपासणीसाठी सौम्य आम्ल लावले असता पर्लाइट काळवंडते, हा पापुद्रा मात्र पांढराच दिसतो. तो अतिशय कठीण, पण ठिसूळ असतो. भेगेचा उगम तेथेही होऊ शकतो.

अशा भेगांची उपेक्षा किती महाग पडते, हे इंग्लंडमधील हॅटफील्डने दाखवून दिले. 17 ऑक्टोबर 2000 रोजी लंडनहून लीड्सकडे निघालेली गाडी ताशी सुमारे 185 किलोमीटर वेगाने वळणावर आली असता रूळ फुटून त्याचे 300 हून अधिक तुकडे झाले. चार प्रवासी मृत्युमुखी पडले. रुळावरील भेगा आधीच आढळल्या होत्या. बदलण्यासाठी नवा रूळही आणून ठेवलेला होता. ज्ञान होते, साधन होते. उणीव राहिली ती वेळेवर केलेल्या कृतीची.

यावरचा उपाय तसा साधा आहे. ठरावीक काळाने यंत्राने रुळाचा माथा घासून मिलिमीटरचा अल्पसा अंश काढून टाकतात. त्यासोबत कोवळ्या भेगाही नाहीशा होतात. भेग खोल गेली, की मात्र रूळच बदलावा लागतो. म्हणूनच ऊन-पावसात रुळांवरून पायी फिरणाऱ्या ट्रॅकमनची सावध नजर आणि तिने दिलेल्या सूचनेची तत्काळ घेतलेली दखल, या दोहोंवर प्रत्येक प्रवाशाचा जीव विसंबून असतो.