लहान मिक्सर: निवड आणि वापर

घरगुती गाण्याच्या बैठकीसाठी मिक्सर (स्वयंपाकघरातील नव्हे, ध्वनीचा) घेणारा गृहस्थ बहुधा खोक्यावरील आकड्यास भुलतो. ८ चॅनेलांच्या यंत्रात मायक्रोफोनच्या जागा कित्येकदा २ किंवा ४च असतात. गायक, तबला, संवादिनी व तंबोरा यांस ४ हव्यात. कंडेन्सर मायक्रोफोन असेल तर ४८ व्होल्टांची सोयही पाहावी. 'गेन' ठरवावयाचा तो गायकास तार षड्ज लावावयास सांगून. नुसत्या गुणगुणण्यावर ठरविलेला गेन ऐन रंगात दगा देतो. तांबडा दिवा लागला की स्वर फाटलाच म्हणावयाचा, आणि फाटका मुद्रित झालेला स्वर मागाहून पुरता सांधत नाही. वृद्ध गायकाची बैठक तर पुन्हा होईलच असे नाही! बैठक आटोपल्यावर आधी अॅम्प्लिफायर बंद करावा, मग मिक्सर. अन्यथा कर्ण्यास धक्का बसतो.