यात आपल्यातलं कोण हाय?

(इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आदल्या संध्याकाळी केलेलं हे भाषण. रेकॉर्डिंग ऐकून उतरवलं आहे. थोडी पुनरुक्ती काढली, बाकी बोलणं तसंच ठेवलं.)

मागं ऐकू येतंय ना? ट्रॅक्टर गेला की मी जरा थांबेन, तुम्ही सांभाळून घ्या. गळीत हंगाम चालू आहे, रस्ता काही आपल्यासाठी थांबणार नाही.

मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या शाळांमध्ये तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी याच खोलीत आपण पहिल्यांदा हा कार्यक्रम केला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांची आणि संशोधकांची चित्रं पोरांनी कार्डशीटवर काढली, खाली माहिती लिहिली आणि भिंतीवर लावली. फेब्रुवारी निवडला त्याला कारण होतं. अमेरिकेत हा महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून पाळतात. कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकारानं १९२६ साली त्याची सुरुवात एका आठवड्यापासून केली. आणि आपल्याकडे २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. म्हटलं, दोन्ही एकत्र करू.

कार्यक्रम संपला, चहा झाला. एक मुलगी भिंतीपाशीच उभी होती. दहा-अकरा वर्षांची असेल. पलीकडच्या कोप्यांवरची, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन एकेक चित्र बघत होती. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, ह्यात आपल्यातलं कोण हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या ये, सांगतो," असं काहीतरी म्हणालो. पुढे हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली. यंदा त्या कोप्यांवर दुसरी टोळी आहे. तेव्हा आजचं बोलणं म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. ती इथं नाही, पण तिच्यासारखी काही पोरं आज पुढच्या सतरंजीवर बसलीत, म्हणून बोलतो.

आधी एक शंका दूर करू. गावातले एक जण मला म्हणाले, "गुरुजी, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आपल्याला काय?" दादा, हे नातं मी जोडलेलं नाही. ते दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात जोडलं गेलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, आणि अमेरिकेतल्या ज्या लोकांनी तिथल्या कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली, त्यांना ती अर्पण केली. विमान नाही, फोन नाही, त्या काळात! पुढे बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत होते त्याच्या प्रती मागितल्या, आणि तुमची आणि आमची स्थिती सारखी आहे, हेही त्यात कळवलं. त्यामुळं आपण काही परक्याच्या मांडवात आलेलो नाही.

आता पहिलं चित्र. हे तुम्ही सगळे ओळखता. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं, आणि महाराष्ट्रात असं वाचनालय शोधावं लागेल जिथं ते नाही. आपल्या कपाटातल्या प्रतीचा पुठ्ठा दोनदा बदललाय.

गुलाम आईच्या पोटी जन्म, १८६४ च्या आसपास. नक्की साल माहीत नाही, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? तान्हा असताना आईसकट त्याला पळवून नेलं. पोर परत मिळालं, आई मिळाली नाही. मोठा झाल्यावर एका कॉलेजनं पत्रानं प्रवेश दिला. हा तिथं पोहोचला, त्याचा रंग बघितला आणि दारातून परत पाठवला. पुढं आयोवा राज्यातल्या दुसऱ्या कॉलेजात तो चित्रकला शिकायला लागला. एटा बड नावाच्या बाई तिथं शिकवत होत्या. त्यांनी बघितलं, हा पोरगा फुलं-झाडं काढतो ती नुसती सुंदर नाहीत, त्याला झाड कळतंय. त्यांनी त्याला शेतकी कॉलेजात जायला सांगितलं, धीर दिला. १८९६ ला तो पदव्युत्तर पदवी घेऊन दक्षिणेत, अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत गेला. प्रयोगशाळा नव्हती. फेकलेल्या बाटल्या, जुने दिवे गोळा करून त्यानं ती उभी केली.

इथं आपल्या शेतकरी मंडळींनी कान द्यावा. तिथली जमीन कापसानं खाल्ली होती. कापसावर कापूस, कापसावर कापूस. कार्व्हरनं सांगितलं, मध्ये भुईमूग लावा, चवळी लावा. का? शेंगवर्गातल्या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठीत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपल्या आज्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण त्या म्हणायच्याच ना, "हरभऱ्याचा बेवड चांगला"! बेवड म्हणजे तेच. कार्व्हरनं त्यामागचं कारण सांगितलं, आणि सांगायला तो शेतकऱ्याच्या बांधावर गेला. १९०६ साली टस्कीगीनं खेचरं जुंपलेली एक गाडी काढली. तिच्यात अवजारं, बियाणं. गावोगाव फिरती शाळाच ती. आपल्याकडे पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पाँडिचेरीला निघालं. बारामतीत शारदानगरला तुम्ही माती तपासायला जाता ना, त्या कामाचं हे लांबचं नातेवाईक समजा.

आणि आपली जमीन? नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, जिरायत माळ बागायत झाला, आपण खातोय ते त्याच्या जिवावर. पण पाणी जास्त, निचरा कमी, उसावर ऊस आणि त्यावर खोडवा. कालव्याखालच्या किती रानांत पांढरी खपली वर आलीय, ते मी सांगायला नको. चोपण झालेलं रान नुसत्या भुईमुगानं सुधारत नाही, त्याला निचरा काढावाच लागतो. पण एकच पीक घेत राहिलं की माती थकते, ही गोष्ट कार्व्हरची आणि आपली एकच आहे.

पोरांनो, एक दुरुस्ती. गेल्या वर्षी चित्राखाली लिहिलं होतं, 'पीनट बटरचा शोध लावला'. तो त्यानं लावलेला नाही. मीच तपासलं नव्हतं, चूक माझी. त्यानं भुईमुगाचे शंभरावर उपयोग लिहून छापले, ते खरं. मोठ्या माणसाला खोटा मोठेपणा चिकटवू नये, त्याचा खरा पुरेसा असतो.

दुसरं चित्र, फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. याचं नाव कुणी ऐकलंय? एकही हात नाही. बरं, द्राक्षाचा कंटेनर कुणी बघितलाय? सगळ्यांनी! आपल्या तालुक्यांतली द्राक्षं, डाळिंबं ज्या थंडगार गाडीतून बंदरापर्यंत जातात, तिच्या डोक्यावर एक पेटी असते, घरघर करणारी. ट्रकवर बसवता येईल, खड्ड्यांचे हादरे सोसेल, अशी ती पेटी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ज्यानं जमवली तो हा माणूस. लहानपणीच पोरका झालेला. शाळा सहावीपर्यंत. गॅरेजमध्ये झाडलोट करता करता इंजिन शिकला. मिनेसोटातल्या एका खेड्यात शेतीची यंत्रं दुरुस्त करायचा आणि रात्री पुस्तकं वाचायचा. पुढं जोसेफ न्युमेरो या उद्योजकानं त्याला कामावर घेतलं, आणि दोघांनी मिळून कंपनी काढली. जोन्सच्या नावावर साठाहून अधिक पेटंट झाली. दुसऱ्या महायुद्धात औषधं, रक्त, अन्न त्याच्या यंत्रांनी थंड ठेवलं. अमेरिकेनं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक दिलं ते १९९१ साली. माणूस १९६१ लाच गेला होता.

आपल्या गावात गॅरेजला काम करणारी पोरं आहेत. "शाळेत डोकं चालत नाही म्हणून गॅरेजला घातलं," असं आपण त्यांच्यासमोर म्हणतो. ते आता बंद करू या.

तिसरं चित्र. कॅथरीन जॉन्सन, जन्म १९१८. हिची गोष्ट त्या मुलीला सांगायची राहिली याची मला सगळ्यात जास्त रुखरुख आहे. कॅथरीनच्या गावात कृष्णवर्णीय मुलांना आठवीपर्यंतच शाळा. पुढं काही नाही. वडील लाकूडकाम, शेती, मिळेल ते काम करणारे. त्यांनी काय करावं? सुमारे दोनशे किलोमीटरवर, जिथं पुढची शाळा होती तिथं बिऱ्हाड केलं. शाळेच्या दिवसांत आई पोरांना घेऊन तिकडं राहायची, वडील गावात कामाला. पोरगी दहाव्या वर्षी हायस्कुलात, अठराव्या वर्षी पदवीधर. १९५३ ला ती विमान-अवकाश संशोधनाच्या सरकारी केंद्रात हिशेबाच्या कामाला लागली. तिथंही कृष्णवर्णीय बायकांचा विभाग वेगळा होता. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीला फेऱ्या मारायला निघाला, त्याआधी त्यानं सांगितलं होतं की नव्या संगणकानं काढलेले आकडे तिला हातानं तपासू द्या, ती बरोबर म्हणाली तर मी जातो. ती म्हणाली बरोबर आहेत. तो गेला आणि सुखरूप आला.

आता बघा. कॅथरीनचं बिऱ्हाड शाळेसाठी हललं. आपल्याकडं दर दिवाळीच्या आगेमागे बीड, नगरकडून हजारो बिऱ्हाडं हलतात आणि पोरांची शाळा सुटते. मुकादमाची उचल घेतलेली असते, आई-बाप पहाटे थळात, आणि मोठी पोरगी कोपीवर धाकट्याला सांभाळत. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. त्या आई-बापांना शिक्षणाची किंमत कळत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कॅथरीनच्या बापासारखं बिऱ्हाड करायला त्यांच्या हातात काय आहे?

तर मुलीचा प्रश्न. आपल्यातलं कोण?

मेघनाद साहा. हे चित्र यंदा नवीन लावलंय. जन्म १८९३, आज बांगलादेशात असलेल्या ढाक्याजवळच्या खेड्यात. खालची मानलेली जात, वडिलांचं छोटं किराणा दुकान. पुढची शाळा लांब. एका डॉक्टरांनी घरात जागा दिली, अट एवढीच की आपली ताटवाटी आपण धुवायची आणि गाईचं बघायचं. पुढं कलकत्त्याच्या वसतिगृहात त्याच्या जातीमुळं पोरं त्याला पंगतीला घेत नव्हती. त्याच माणसानं १९२० साली असं समीकरण मांडलं की ताऱ्याच्या प्रकाशावरून तारा किती तापलाय ते काढता येऊ लागलं. जगभर ते साहांच्या नावानं ओळखतात.

आणि कमला सोहोनी, मराठी बाई. घर शिकलेलं, मुंबई विद्यापीठात पहिला नंबर. तरी १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, का तर मुलगी म्हणून. नाकारणारे होते सर सी. व्ही. रामन. होय, ज्यांच्या शोधाचा दिवस आपण उद्या साजरा करतो तेच. मोठा शास्त्रज्ञही दार लावून बसू शकतो, हे पोरांना कळू द्या. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. काम बघून रामननी पुढं मुलींना दार उघडलं. १९३९ ला त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढं झाडाच्या नीरेतली पोषकद्रव्यं शोधली, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना ती उपयोगी पडावी म्हणून.

हे सगळं बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शाळेत मी नेहमी सांगत आलो, "जिद्द असली की सगळं होतं." ते अर्धंच होतं. जिद्द या सगळ्यांकडं होती, पण कुठंतरी एटा बड होत्या, न्युमेरो होता, बिऱ्हाड करणारे आई-बाप होते, गाईच्या बदल्यात घरात जागा देणारा डॉक्टर होता. नुसती जिद्द शिकवणं म्हणजे दार लावून घ्यायचं आणि पोराला म्हणायचं, ढकल.

म्हणून मोठ्यांकडं एक मागणं आहे. ही अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद होते. हंगाम संपेपर्यंत ती आठपर्यंत उघडी ठेवू, कोप्यांवरच्या पोरांसाठी. कडेवर भावंडं असली तरी चालेल, सतरंजी मोठी आहे. किल्ली मी घेतो. आठवड्यातून दोन दिवस कुणी सोबतीला यावं. एवढंच.

आणि पोरांनो, तुम्हाला उद्याचा अभ्यास. उन्हाळी भुईमूग आता उगवून आलाय. घरच्यांना विचारून एक रोप अलगद उपटा. मुळावरच्या गाठी मोजा. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर समजा ती काम करतेय. किती गुलाबी, किती पांढऱ्या, वहीत लिहा आणि इथं घेऊन या. ज्याच्याकडं शेत नाही त्यानं माझ्या रानात यावं, मी सकाळी सात वाजल्यापासून तिथंच असतो.

त्या मुलीला कुणी ओळखत असेल, मुकादमाकडून निरोप जात असेल, तर सांगा की सर उत्तर घेऊन थांबलेत.

चला, आता चहा. चित्रं बघून जा.