लुळ्या हाताला काम द्या

मंडळी, आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी हाताने, तेंदूची तोडणी हाताने आणि विडी वळायची तर बोटांनीच. घरातल्या कुणाचा उजवा हात लकव्याने लुळा पडला, की माणसाबरोबर त्याची मजुरीही खाटेला लागते.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते आणि देवरी-सालेकशाहून गोंदियाला पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

पण आज मला बोलायचे आहे ते रोगी घरी परतल्यानंतरचे. हात लुळा दिसतो, तरी बिघाड मेंदूत असतो. उजव्या हाताला हुकूम मेंदूच्या डाव्या बाजूने जातो. तिथल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत; शेजारच्या पेशी मात्र ते काम शिकू शकतात. तलावाचा पाट बुजला तर आपण शेजारच्या बांधीतून पाणी काढतो, तसेच हे. पण पाणी आपोआप वळत नाही, वळवावे लागते.

१९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ नुडो यांनी हे माकडांत पाहिले. मेंदूतील हाताच्या जागेचा थोडा भाग निकामी झाल्यावर ज्या माकडांना काही शिकवले नाही, त्यांची आसपासची चांगली जागाही हाताच्या कामातून गेली. ज्यांच्याकडून लहान खळग्यांतले दाणे रोज उचलून घेतले, त्यांची ती जागा टिकली; काहींची तर वाढली. पुढे २००६ साली २२२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. लकव्याला तीन ते नऊ महिने झालेल्या या रोग्यांपैकी काहींच्या चांगल्या हातात दोन आठवडे जाड मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घेतली. त्यांच्या हातात पडलेला फरक वर्षभरानंतरही दिसत होता.

आपल्याकडे काय होते? सून घास भरवते, मुलगा सदऱ्याच्या गुंड्या लावतो. माया खरी, पण हाताचे उरलेसुरले कामही त्या मायेतच जाते! तेल चोळायला माझी हरकत नाही. मात्र त्यात हात चोळणाऱ्याचा हलतो, रोग्याचा नाही.

डॉक्टरांना विचारून, बोटे थोडी हलू लागली की परातीत लाखोळीचे दाणे घ्या आणि एकेक उचलून वाटीत टाकायला लावा. दहा उचलले तर उद्या बारा. गडवा धरणे, गुंडी लावणे, शेंगा सोलणे, सारे चालेल. गुरुजी, रोग्याच्या घरचे पोर तुमच्या वर्गात असेल, तर आजोबांबरोबर पाटीवर रेघोट्या ओढायचे काम त्यालाच सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतर थांबू नये. थकवा आला की विसावा द्यावा.

हात मुळीच हलत नसेल, तर चांगला हात बांधण्याच्या भरीस पडू नका. रोग्याला उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा दुखावतो. निजताना तो उशीवर ठेवा. आणि त्या हाताला चटका कळत नसेल, तर चुलीजवळ बसवताना तापलेले भांडे दूर सारा.