आपत्काळ आणि लोकसत्ता

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



प्राथमिक शिक्षकाच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची एक लहानशी कपात असते. दरमहा 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300. ही कपात कशासाठी, असे सातवीतील एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर पुष्कळ गुरुजींना थोडे थांबावे लागेल. या कराचा कायदा 1975 साली झाला. ग्रामीण भागातील हाताला काम देण्यासाठी पैसा उभा करावा, हा त्यामागील हेतू होता. आपत्तीच्या वेळी सरकारने काय करावे, आणि ते करताना लोकांची सत्ता कशी राखावी, या मोठ्या प्रश्नाचा एक धागा असा थेट शिक्षकाच्या पगारापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

हा धागा मागे नेला की तो 1876 च्या दुष्काळाशी जाऊन भिडतो. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. परकीय सरकार हातावर हात ठेवून बसले होते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबई इलाख्यात सरकारने कामे काढली होती आणि हजारो माणसे त्या कामांवर जात होती. परंतु 1877 च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाच्या पाहणीवर धाडले. खर्चाला आळा घालावयाचा म्हणून मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे जेमतेम अर्ध्या किलोवर आणण्यात आले. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला इतके धान्य पुरते काय, हे व्हाइसरॉयच्या खजिन्याला कोणी विचारावे? मजुरांनी आपल्या परीने विचारले. ते कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली आणि सरकारकडे दुष्काळाची निवेदने पाठविली.

या सभेची एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. 1870 साली ती स्थापन झाली तेव्हा तिच्या सभासदाला पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात लोकांनी स्वतःच प्रतिनिधी निर्माण करण्याचा तो प्रयत्न होता. प्रतिनिधी होते, निवेदने होती. उणीव एवढीच होती की ती निवेदने ऐकून घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते.

आता शंभर वर्षे पुढे यावे. 1970 पासून महाराष्ट्रात पाऊस ओढ देत होता आणि 1972 मध्ये त्याने अगदीच दगा दिला. विहिरी आटल्या, जनावरे छावण्यांत गेली. ज्यांच्या घरी कालपर्यंत गडी राबत होते, असे बागायतदारही खडी फोडावयास बसले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामे गावोगाव निघाली. मे 1973 मध्ये या कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. सुकडी आणि रेशनवरचा तांबडा मिलो या दोन शब्दांनी तो काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात अजून राहिला आहे.

दुष्काळी कामे 1877 मध्येही होती आणि 1972 मध्येही होती. मग फरक कोठे पडला? 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या राहिल्या होत्या. ग्रामपंचायती त्याआधीच होत्या. कामावर मजुरी थकली तर मजूर सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसे. सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे जाई, आणि तेथे दाद न लागल्यास मोर्चा तहसील कचेरीवर निघे. विधानसभेत विरोधी पक्ष प्रश्न विचारून मंत्र्यांना उभे करीत, आणि मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढारी महिला लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर येत. राज्य सरकार धान्यासाठी दिल्लीकडे तगादा लावी. हा कारभार सोवळा होता असे कोणी समजू नये. हजेरीपत्रकावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडे-आठवडे थकली. पण ही लबाडी उघडकीस आली ती प्रश्न विचारणारी तोंडे मोकळी होती म्हणूनच. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. इतके पीक बुडूनही भूकबळींचे संकट टळले, याचे मोठे श्रेय या कामांना आणि त्यांमागच्या लोकांच्या रेट्याला द्यावे लागते.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह त्याही पुढचा होता. काम ही सरकारची मेहेरबानी नसून मजुराचा हक्क असावा, असे ते म्हणत. 1977 साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी नोंदविल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले गेले. दुष्काळाच्या वर्षात मजुराने जे मोर्चे काढून मिळविले, ते आता एका अर्जावर मिळावयाचे होते. अर्ज लिहिता येण्यासाठी शाळा लागते, ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

मात्र संकटाचे नाव घेऊन हक्क काढूनही घेता येतात. 25 जून 1975 रोजी अंतर्गत अशांततेचे कारण दाखवून आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि हजारो माणसे चौकशीविना तुरुंगात गेली. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून तेथे ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, आणि मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करू नये असे ठरविले. जीविताचा हक्कही यापुढे निलंबित करता येणार नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य व जिल्हा अशी तीन प्राधिकरणे निर्माण केली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि सह-अध्यक्ष जिल्हा परिषदेचा लोकनियुक्त प्रमुख. ही दुसरी खुर्ची कायद्यात मुद्दाम ठेवलेली आहे. 2020 मध्ये साथ आली तेव्हा या कायद्याबरोबर 1897 चा साथरोग कायदाही बाहेर काढण्यात आला. हाच कायदा हाती असताना पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरे धुंडाळली होती. शाळांच्या खोल्यांत विलगीकरण कक्ष झाले, शिक्षक घरोघर पाहणीस गेले. त्याच सुमारास हजारो ग्रामपंचायतींच्या मुदती संपल्या. निवडणूक घेता येईना, तेव्हा प्रशासक म्हणून गावातील ‘योग्य व्यक्ती’ नेमण्याचे शासनाने ठरविले. योग्य कोण, हे पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ठरावयाचे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि प्रशासक शक्यतो सरकारी सेवकच असावा असा अंतरिम आदेश झाला. 15 जानेवारी 2021 रोजी 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान ठेवण्यात आले. ज्या शाळांत काही महिन्यांपूर्वी खाटा टाकल्या होत्या, त्यांतील कित्येकींत मतदार मुखपट्टी बांधून रांगेत उभे राहिले.

जिल्हा परिषदांच्या वाट्याला एवढे भाग्य आले नाही. मार्च 2022 मध्ये मुदती संपल्यावर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांचा कारभार, आरक्षणाचा व गटरचनेचा वाद न्यायालयात असल्यामुळे, तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिला. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके आणि त्यांखालची माती वाहून गेली. पंचनामे झाले, बैठका झाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारची सह-अध्यक्षाची खुर्ची मात्र होती. तिच्यावर बसावयास लोकांनी निवडलेला माणूस नव्हता.