दर्गो : अरण्यातले एक खेडे



इतिहास म्हटला की राजधान्या डोळ्यांसमोर येतात. आज आम्ही आपणांस एका खेड्याकडे नेणार आहोत. ते खेडेही पाच वर्षे राजधानी होते. पण त्या मानाची किंमत त्याने काय मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

कॉकेशसच्या उत्तर अंगाला, रशियाच्या चेचन्या प्रजासत्ताकातील वेदेनो जिल्ह्यात, दर्गो हे गाव आहे. या डोंगरांतून अक्साई नदी उत्तरेकडे वाहते आणि गेर्झेल-औलजवळ मैदानात उतरते. तिच्या दोन्ही अंगांना खोल घळी आणि बीच वृक्षांचे दाट रान. एवढा भूगोल ध्यानात ठेवला, म्हणजे पुढचा इतिहास आपोआप उलगडतो.

१८३९ साली रशियन फौजेने दागेस्तानातील अखुल्गोचा किल्ला घेतला. इमाम शामिल मोजक्या माणसांनिशी निसटून चेचन्यात आला. तो जातीने अवार, चेचेन नव्हे. तरीही १८४० मध्ये चेचेनांनी त्याला आपला नेता मानले आणि दर्गो त्याचे ठाणे झाले.

१८४२ साली जनरल ग्राबे गेर्झेल-औलहून दर्गोवर निघाला. शामिल त्या वेळी दूर होता. गावकऱ्यांनी आणि रानाने मिळून ती फौज अर्ध्या वाटेवरूनच परतवली. १८४५ मध्ये खुद्द व्हाइसरॉय वोरोन्त्सोव्ह मोठे सैन्य घेऊन आला. त्याने दर्गो घेतले. पण हाती आले काय? जळती घरे! शत्रूला निवारा मिळू नये म्हणून शामिलनेच गाव पेटवून दिले होते. पुढे सैन्याचे अन्न संपले. शिधा आणायला पाठवलेली तुकडी त्याच रानवाटेने गेली आणि त्याच वाटेने परतली. आडव्या टाकलेल्या झाडांआडून तिच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. पासेक आणि विक्तोरोव्ह हे दोन सेनापती पडले. ही स्वारी रशियात ‘बिस्किटांची मोहीम’ म्हणून ओळखली गेली. शेवटी जनरल फ्रायटागने येऊन उपाशी फौजेला सोडवले. गंमत अशी, की त्याच वर्षी वोरोन्त्सोव्हला ‘प्रिन्स’ ही पदवी मिळाली! टॉलस्टॉयने ‘हाजी मुराद’ या कादंबरीत या प्रकरणाला चिमटा काढला आहे.

रशियनांनी यातून धडा घेतला. खरा शत्रू माणूस नसून झाड आहे, हे ओळखून त्यांनी वर्षानुवर्षे रान तोडले. बंदुकीला जे साधले नाही ते कुऱ्हाडीने साधले. १८५९ मध्ये वेदेनो पडले आणि त्याच वर्षी गुनीब येथे शामिल शरण गेला.

इमाम गेला, गाव मात्र राहिले. पण खरा घाव पुढेच होता. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्तालिनच्या हुकुमाने चेचेन आणि इंगुश असे सुमारे पाच लाख लोक गाड्यांत कोंडून कझाकस्तान-किरगिझियात हलवण्यात आले. आरोप शत्रूला सामील झाल्याचा. आणि जर्मन फौज या डोंगरांपर्यंत कधी पोचलीच नव्हती! तान्ही मुले आणि म्हातारीकोतारी यांनी कोणता द्रोह केला होता? आघाडीवर लढणारे चेचेन सैनिकही यातून सुटले नाहीत. वेदेनोचा प्रदेश दागेस्तानला जोडला गेला आणि तिथल्या लोकांना सक्तीने या रिकाम्या गावांत आणून बसवले. एकाचे घर गेले आणि दुसऱ्यालाही आपले सोडावे लागले.

९ जानेवारी १९५७ रोजी प्रजासत्ताक पुन्हा स्थापन झाले, लोक परतू लागले. येताना कित्येकांनी परमुलखात पुरलेल्या आप्तांची हाडे बरोबर आणली आणि आपल्या मातीत ठेवली. पुढे १९९४ आणि १९९९ मध्ये पुन्हा युद्धे आली, आणि वेदेनोच्या डोंगरांनी पुन्हा तोफा ऐकल्या.

श्रोतेहो, सेनापतींच्या आठवणींत दर्गो म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, जिंकण्याचे एक ठिकाण. ज्यांनी तिथे घरे बांधली, ती जळताना पाहिली आणि तेरा वर्षांनी मृतांसह परत आले, त्यांच्या लेखी ते नुसते गाव आहे. आम्हांला वाटते, इतिहास वाचताना पहिला अर्थ सहज हाती लागतो; दुसरा मात्र मुद्दाम शोधावा लागतो.