इंटरनेट दूरध्वनी : बचतीचा खरा हिशेब



ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास ताटकळण्याचा काळ व्यापारीवर्गाने पाहिला आहे. १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर थेट परगावी क्रमांक फिरविण्याची सोय झाली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. तेव्हा परगावचे दर चढे होते. त्यामुळे बचत डोळ्यांत भरे. आज देशांतर्गत संभाषण बहुतेक मोबाइल योजनांच्या ठरलेल्या आकारातच येते. म्हणूनच केवळ ‘फोन स्वस्त होईल’ या आशेवर लघुउद्योजकाने भांडवल गुंतविणे हिताचे नाही.

यंत्राची किंमत हा हिशेबातील केवळ पहिला आकडा होय. आवाज न आक्रसता पाठविल्यास एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८० ते ९० किलोबिट लागतात. दहा जण एकाच वेळी बोलणार असतील, तर इंटरनेट जोडणीही त्या मानाने हवी. तारेच्या जुन्या फोनला वीज दूरध्वनी केंद्रातून मिळते. नव्या यंत्राला ती कार्यालयातून पुरवावी लागते. वीज गेली की फोन मुका! तेव्हा बॅटरी, देखभाल आणि पर्यायी जोडणी यांचा खर्चही मांडला पाहिजे.

परदेशी ग्राहकांशी नित्य संपर्क असणाऱ्या किंवा अनेक शाखा असणाऱ्या व्यवसायास ही यंत्रणा लाभदायक ठरू शकते. मात्र मागील वर्षाची बिले समोर ठेवूनच निर्णय घ्यावा. वाचणारी रक्कम यंत्रणेच्या आयुष्यात एकूण खर्च भरून काढीत नसेल, तर ते भांडवल धंद्यातच राहू द्यावे.