दोन्हीकडे वळणारी सळई



'गिटार बनवतोस म्हणजे नेमकं काय करतोस?' हे सकाळपासून मला चौघांनी विचारलं. सगळं सांगायला वेळ नाही, म्हणून फक्त नेकमधल्या एका सळईबद्दल बोलतो. तिच्यापायी आपल्याच वर्गातल्या एकाला मी त्रास दिला आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेत नाही.

स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की गिटारवर सुमारे ७०-७५ किलोंचा ताण येतो. म्हणजे दीड पोतं सिमेंट, तेही रात्रंदिवस. त्या ओढीनं नेक पुढे वाकतो, धनुष्यासारखा. थोडा बाक हवाच असतो, मधोमध पाव मिलिमीटरभर, नाहीतर थरथरणारी तार फ्रेटला घासते. बाक त्याहून वाढला तर तारा उंच जातात आणि बोटं सोलून निघतात. म्हणून फ्रेटबोर्डखाली खाच पाडून तिच्यात पोलादी सळई बसवतात, ती ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. नायलॉन तारांच्या स्पॅनिश गिटारला ती बहुधा नसते, तिथे ताण बराच कमी असतो.

सळई दोन प्रकारची मिळते. एकेरी सळई नट आवळला की नेकला मागे खेचते, बस्स. दुहेरी सळई दोन्हीकडे ढकलते, पण ती जाड असते. पहिल्या फ्रेटपाशी नेक जेमतेम २०-२२ मिलिमीटर, त्यातले सहा फ्रेटबोर्डचे. दहा मिलिमीटरची खाच पाडली की खाली लाकूड उरतं पाचेक मिलिमीटर. मला ते बघवेना, म्हणून सुरुवातीला मी एकेरीच वापरायचो. हलकी आणि स्वस्तही. तारा नेकला पुढेच ओढणार, मग दुसऱ्या दिशेची गरज काय, असा माझा हिशेब होता.

सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट मात्र खाचेत ठोकून बसवतात. मित्राच्या मुलीच्या गिटारला मी ते जरा जाड दात्यांचे घेतले होते. घट्ट बसले म्हणून खूश झालो. पण वीस फ्रेट म्हणजे वीस पाचरी झाल्या! फ्रेटबोर्ड वरून फाकला आणि नेक मागे वाकला. तारा चढवल्यावरही सरळ होईना. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर नुसता खणखणाट. नट पूर्ण सैल केला, पण सैल सळई काय करणार? तिला पुढे ढकलताच येत नाही.

मुलीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मित्र गिटार परत घेऊन आला, तेव्हा एक शब्द बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी सगळे फ्रेट उपटले, शिसवीचे टवके उडाले ते एकेक करून चिकटवले, पातळ दात्यांचे फ्रेट बसवले. परीक्षेला तिनं दुसऱ्या कुणाची तरी गिटार नेली.

तेव्हापासून मी दुहेरीच घालतो. उरलेल्या पाच मिलिमीटरची भीती असते, म्हणून दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवतो. नट डोक्याकडे ठेवला तर पाना लावायला सोपं, पण नेक सगळ्यात बारीक असतो तिथलंच लाकूड त्यासाठी कोरावं लागतं. गिटार पडली की बऱ्याचदा तिथेच मोडते. म्हणून माझा नट आवाजाच्या भोकातून आत असतो. लांब पाना लागतो आणि लोक तो हरवतात, हे खरं आहे.

मित्रा, तुझ्या गिटारची सळई मी नंतर बदलून दिली, तिचा पाना तूही हरवलास असं वहिनी आत्ताच म्हणाल्या. दुसरा आणला आहे. जेवण झालं की घेऊन जा.